परदेशातला प्रोफेसर शोधायचा म्हणजे नेमकं काय करायचं? (पीएचडी स्कॉलरशिप, विषय वटवाघळं)

कणकुंबीकरीण

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, कणकुंबीच्या बाजूची. एमएस्सी झूऑलॉजी झालंय, सध्या बेळगावात एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर म्हणून तास घेते. पीएचडी बाहेर करायची हे दोन वर्षं डोक्यात आहे, डाडची म्हणजे जर्मनीची स्कॉलरशिप नाहीतर जपानची मेक्स्ट भरायची असं ठरवलंय, पण दोन्हीकडे गाडी एकाच ठिकाणी अडते. तिकडचा कुणीतरी प्रोफेसर 'हिला मी गाईड करतो' असं लिहून द्यायला पाहिजे. आता तो माणूस मी आणू कुठून? आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली, ओळखीपाळखीत परदेशात म्हणजे एक मामा गोव्याहून दुबईला गेलाय तेवढाच.

युनिव्हर्सिटीच्या वेबसाइट उघडून बसते तर एकेका डिपार्टमेंटला साठ-सत्तर नावं, सगळ्यांचेच पेपर भारी, कुणाला निवडायचं काही कळत नाही. एक कन्सल्टंट म्हणाला २०० प्रोफेसरांचे ईमेल आणि रेडी मेल देतो, पंचवीस हजार. घरी विचारलं तर पप्पा द्यायला तयार आहेत, पण मलाच द्यावंसं वाटेना.

विषय सांगते. भीमगड अभयारण्यात तळेवाडीच्या बाजूला बारापेडे गुहा आहेत, तिथं रॉटनचं वटवाघूळ राहतं, ओटोमॉप्स रॉटनी. १९१३ला त्याचं पहिलं वर्णन छापून आलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जगात ही एकच जागा माहीत होती, मेघालय न् कंबोडियात सापडलं ते खूप नंतर. मला यावरच काम करायचंय. पण इतक्या छोट्या विषयाला परदेशात कोण विचारणार, का विषयच बदलू? कुणी या वाटेनं गेलं असेल तर प्लीज सांगा.

हिंडलग्याचा_बाळू

तायडे पंचवीस हजार ठेव खिशात. तू जे करायला निघालीस ते मी २०१९ला केलोय. लिस्ट विकत नाही घेतलो खरं स्वतःच बसून १४० जणांचे मेल गोळा केलो, एकच मेल लिहिलो, फक्त वरचं नाव बदलत गेलो. दोन रात्री जागून सगळे पाठवलो. उत्तरं किती? चार. त्यातली दोन आपोआप आलेली, 'सुट्टीवर आहे'. तिसऱ्यानं लिहिलेलं की बाबा तू ज्या विषयाचं म्हणतोस तो मी २०११ला सोडला. आणि चौथं काय सांगू, एकाच डिपार्टमेंटमधल्या तिघांना गेलेला सेम मेल, ते तिघं रोज एका टेबलावर जेवत असणार बघ. एकानं मला उत्तर पाठवलं त्यात बाकीचे दोघं पण सीसीला, आणि फक्त एक स्मायली. आजपर्यंत ती स्मायली डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतर दोन वर्षांनी फक्त सहा जणांना लिहिलो, प्रत्येकाला आठवडाभर वाचून. तिघांची उत्तरं आली. आता मी मटेरियल्सवाला, तुझ्या वाघळांतलं मला काय कळत नाही, पण हा हिशोब सगळीकडे सेमच असावा.

निपाणीचा_नाना

मी जर्मनीत पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे (बायोलॉजीच, पण किडे), त्यामुळे जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

विषय अजिबात बदलू नको, तुझं भांडवल तेच आहे. ही गुहा तुझ्या घरापासून तासा-दोन तासांवर, तू तिथली बोली बोलतेस, तिकडच्या प्रोफेसरला हे पैसे देऊन मिळत नाही. फक्त तू शोधताना एक चूक करतेयस, 'या वाघळावर काम करणारा प्रोफेसर' शोधतेयस. तसा कदाचित एकही निघणार नाही. तू प्रश्न शोध. तुला नेमकं काय जाणून घ्यायचंय, ते खातं काय, आवाज कसा काढतं, गुहा का सोडत नाही, आफ्रिकेतल्या त्याच्या भावकीशी नातं काय? आफ्रिकेत ओटोमॉप्सच्या दुसऱ्या जाती आहेत, त्यातली एक तर २०१५ला नव्यानं वेगळी ठरवली. दक्षिण युरोपात शेपटीवाली म्हणजे फ्री-टेल्ड वाघळं आहेत, टाडारिडा टेनिओटिस. त्यांच्यावर काम करणाऱ्याला तुझं वाघूळ परकं नाही, उलट त्याच्या कोड्यातला न सापडलेला तुकडा आहे.

आता शोधायचं कसं. गूगल स्कॉलरवर एक चांगला पेपर धर, भले जुना असेना, आणि त्याच्याखाली 'साइटेड बाय' असतं ते उघड. म्हणजे त्या पेपरचा आधार पुढं कुणी-कुणी घेतला ते. त्यात मागच्या चार-पाच वर्षांचंच बघ. असं तीन-चार पेपरांवरून केलंस की तीच-तीच दहाबारा नावं फिरून यायला लागतात, ती तुझी माणसं. आणि हो, शोधताना बेळगाम आणि बेळगावी दोन्ही स्पेलिंगनं शोध, नाव २०१४च्या नोव्हेंबरात बदललं ना, त्याआधीचं सगळं जुन्या स्पेलिंगखाली पडलंय. बारापेडेचं पण स्पेलिंग दोन-तीन प्रकारे लिहिलंय लोकांनी. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट स्कॅन करून ठेवलेत, तिथं एक दिवस घाल, मजा येईल तुला.

पेपर मिळाला की नावांचा क्रम बघ. आपल्या बायोलॉजीत पहिलं नाव बहुतेक वेळा पीएचडीच्या पोराचं नाहीतर पोस्टडॉकचं (म्हणजे पीएचडी झाल्यावर लॅबमध्ये काम करणारा), शेवटचं नाव लॅबच्या मुख्याचं. तुला लिहायचंय शेवटच्याला. (गणितवाले एबीसीडीप्रमाणे लावतात, त्यांना हा नियम चालत नाही.) चांदणी लावलेलं नाव म्हणजे पत्रव्यवहाराचा माणूस, त्याचा ईमेल पेपरवरच असतो, लिस्ट विकत घ्यायची गरज काय मग.

पेपरच्या शेवटी आभार असतात बघ, आपण कधी वाचत नाही ते. तिथं पैसा कुणी दिला आणि ग्रँटचा नंबर लिहिलेला असतो. तो उचलून शोध. जर्मनीतल्या डीएफजीच्या (संशोधनाला पैसा देणारी संस्था) ग्रँट गेप्रिस नावाच्या डेटाबेसमध्ये, युरोपियन युनियनच्या कॉर्डिसमध्ये, इंग्लंडच्या गेटवे टू रिसर्चमध्ये, अमेरिकेच्या तशाच एनएसएफची वेगळी सर्च आहे. सगळं फुकट आणि उघडं. तिथं प्रोजेक्ट कधी सुरू झाला, कधी संपतो, आणि पेपर छापून यायच्या आधीच तो माणूस आता कशावर काम करतोय ते साध्या भाषेत लिहिलेलं असतं. पेपर म्हणजे त्याचं दोन-तीन वर्षांपूर्वीचं डोकं आणि ग्रँट म्हणजे आजचं, असं समज. बाळूला 'मी २०११ला सोडलं' असं उत्तर आलं ते याच्यामुळेच.

मग त्या माणसाची चौकशी. आपल्याकडे पोरीला स्थळ बघताना कशी करतात तशीच, हसू नको. लॅबच्या पानावर 'पीपल' मध्ये सध्या किती पोरं, जुनी पोरं कुठं गेली, कुणी अर्धवट सोडून गेलं का. जुन्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याला सभ्यपणे मेल टाकला तर बरेच लोक मोकळेपणानं सांगतात, लेखी नाही सांगितलं तर 'कॉल करूया' म्हणतात, ते म्हटले की समजून घ्यायचं. सीव्हीवर त्याची स्वतःची पीएचडी १९८५ची असेल तर तो आता रिटायर झाला असणार, नावापुढं एमेरिटस असेल तर लिहूच नको. स्कॉलरवर एकाच नावाची दोन माणसं एकत्र मिसळलेली असतात, ऑर्किड नंबरनं (प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख नंबर असतो तो) खात्री कर. आणि रिट्रॅक्शन वॉचवर नाव टाकून बघ, पेपर मागे घ्यावे लागलेत का.

अजून एक, जर्मनीत फाखहोखशूल म्हणून कॉलेजं असतात, उपयोजित शिक्षणाची, चांगली असतात पण पारंपरिकपणे पीएचडी द्यायचा अधिकार त्यांना नाही. आता काही राज्यांत बदलतंय, पण तिथल्या प्रोफेसरला लिहायच्या आधी हे विचार. उलट इंग्लंडमधला 'लेक्चरर' ऐकून आपल्याला वाटतं ज्युनियर असेल, तसं नाही, तो पीएचडी गाईड करतो.

मॅक्स प्लांकच्या संस्था पण बघ, कॉन्स्टान्झला प्राण्यांच्या वागण्यावरची आहे, बर्लिनला लायब्निझवाल्यांची वन्यजीव संस्था आहे तिथं वाघळांवर बरंच काम चालतं. फक्त मॅक्स प्लांकच्या ग्रॅज्युएट स्कूलना बऱ्याचदा सगळे अर्ज एकाच दारातून येतात, तिथं प्रोफेसरला आधी मेल करून फार उपयोग नसतो, त्यांच्या पानावर लिहिलेलं असतं, वाच.

चिकोडी_व्हाया_जपान

नानांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त मेक्स्टचं सांगतो कारण तुमच्या पोस्टमध्ये एक गैरसमज दिसतोय. मेक्स्टला दोन दारं आहेत. एक एम्बसीचं, आपल्या कर्नाटकवाल्यांना बेंगळुरूचं जपानी कॉन्सुलेट. तिथं आधी कागदपत्रं, परीक्षा, इंटरव्ह्यू होतात, त्यात पास झालात की मग तुम्ही युनिव्हर्सिटीकडून तात्पुरत्या स्वीकृतीचं पत्र मागायचं. म्हणजे सुरुवातीला प्रोफेसरचं पत्र लागत नाही. खरं (पण म्हणायचंय मला, आमच्याकडचं खरं) रिसर्च प्लॅन आधीच द्यावा लागतो आणि इंटरव्ह्यूत विचारतात कुणाकडे जाणार, तेव्हा आधीच बोलणं झालेलं असेल तर तोंडाला शब्द येतात. दुसरं दार युनिव्हर्सिटीचं, तिथं मात्र प्रोफेसरच तुमचं नाव पुढं करतो, त्यामुळे सगळं त्याच्यावरच. वय ३५च्या आत लागतं.

जपानी माणसं शोधायला रिसर्चमॅप आणि काकेन ही दोन नावं लिहून ठेवा. काकेनवर कुणाला कुठल्या वर्षी किती येन ग्रँट मिळाली ते सगळं असतं, इंग्रजी बटण आहे. तिथल्या लॅबच्या वेबसाइट मात्र २००५ साली बनवून विसरल्यासारख्या दिसतात, त्यावरून माणसाला जोखू नका, माझ्या सेन्सेईंची म्हणजे गाईडची अजून तशीच आहे. आडनावानं प्रोफेसर अमुक असं लिहा. आणि उत्तराला वेळ लागला तर घाबरू नका, माझ्या पहिल्या मेलला एकवीस दिवसांनी आलं आणि दीड पानाचं आलं.

सीमेवरचा_सच्चा

हे सगळं ठीक आहे पण महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे तिला आपल्याला डोमिसाइल मागतात! ८६५ गावं आपली म्हणायची, इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला सीमाभागाचा कोटा द्यायचा आणि परदेशी जायच्या वेळी तुम्ही कर्नाटकचे. २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस पडलीय ती पडलीच

शहापूरच्या_मॅडम

सच्चा, तुझं दुखणं खरं आहे पण त्यासाठी वेगळा धागा काढ, इथं पोरगी काहीतरी वेगळं विचारतेय. त्यातलं तिच्या कामाचं एवढंच की ती शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि डोमिसाइल लागतंच. कर्नाटकात एससी-एसटीसाठी समाजकल्याण खात्याची प्रबुद्ध आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. कुणाला लागू होत असेल त्यांनी बघावं.

कणकुंबीकरीण, मी तीसेक वर्षं बेळगावात झूऑलॉजी शिकवली, शिफारसपत्रं इतकी लिहिलीत की हात दुखला. दोन गोष्टी सांगते, पोरांनी सांगितल्या नाहीत.

एक. अभयारण्यातली गुहा आहे, वन्यजीव कायद्याचं संरक्षण असलेला प्राणी आहे. तुझ्या मेलमध्ये 'मी गुहेत जाऊन पाहिलं' असं एक वाक्य जरी आलं तरी चांगला प्रोफेसर पहिला प्रश्न विचारेल, परवानगी कुणाची होती? वनखात्याची नसेल तर ते लिहू नकोस, आणि मुळात करूही नकोस. रक्ताचे नाहीतर पंखाच्या तुकड्याचे नमुने देशाबाहेर न्यायचे म्हटलं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते, २००२चा कायदा आहे. तिकडच्या लोकांना याचा धसका असतो, कागदाला वर्ष-वर्ष जातं. म्हणून तू आपणहून लिही की माझ्या कामाला नमुने लागणार नाहीत, आवाजाच्या रेकॉर्डिंगवर भागेल, किंवा लागणार असतील तर इथली कुठली संस्था सोबत आहे. हे दोन ओळीत लिहिणारी अर्जदार मी असते तर मी स्वतःलाच घेतलं असतं!

दोन. पैशाचं पहिल्या तीन-चार ओळींत सांग. आपल्याला संकोच वाटतो, शेवटी लिहितो. प्रोफेसरला वाटतं ही नोकरी मागतेय, आणि त्याच्याकडे ग्रँट नसते, तो मेल बंद करतो. 'मी डाडला अर्ज करतेय, शिष्यवृत्ती मिळाली तर माझा खर्च तिकडून होईल, मला तुमच्याकडून मार्गदर्शनाची लेखी संमती हवी आहे' असं म्हटलं की त्याला कळतं की आपल्याला फक्त वेळ आणि एक टेबल द्यायचंय.

आणि 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट' ते नको गं बाई. मीच तुम्हाला शिकवलं ते, मीच परत घेते.

कणकुंबीकरीण

सगळ्यांचे किती आभार मानू. मॅडम, मी वनखात्याच्या गणतीला दोन वेळा स्वयंसेवक म्हणून गेले होते, पत्र आहे माझ्याकडे, ते जोडू का? गुहेच्या आत नाही गेले, बाहेरच थांबले होते, पण संध्याकाळी ती बाहेर पडताना टिक-टिक असा आवाज कानांना ऐकू आला. मला वाटलं होतं वटवाघळांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, मग वाचलं तर फ्री-टेल्डमधल्या काहींचा येतो. मला तेव्हापासूनच याचं वेड लागलंय खरं तर. आजी म्हणायची ती गुहेची घड्याळं आहेत.

अजून एक शंका. मेलमध्ये त्यांच्या पेपरचं कौतुक करायचं असतं ना? काय लिहायचं, सगळे नमुने 'युअर ग्राउंडब्रेकिंग वर्क' असंच सांगतात.

निपाणीचा_नाना

अगं बाई, टिक-टिकचं हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं सोडून आता सांगतेयस! हाच तुझा मेल आहे. कौतुक एक अक्षर नको. त्यांच्या पेपरमधली एखादी गोष्ट घे आणि तुझ्या गुहेला लावून प्रश्न विचार. उदाहरणार्थ, त्यांनी म्हटलं असेल की कमी फ्रीक्वेन्सीवाली वाघळं उघड्यावर उंच उडून शिकार करतात, तर तू विचार, आमच्याकडं जून ते सप्टेंबर कणकुंबीत धो धो पाऊस आणि धुकं, तेव्हा ती उंच उडतात का, का खाणंच थांबतं? हे मी मनानं जुळवतोय, तू पेपर वाचून नीट जुळव. प्रश्न असा पाहिजे की उत्तर त्यालाही पटकन देता येऊ नये. दोनशे शब्दांच्या आत मेल, सीव्हीची एकच पीडीएफ, गणतीचं पत्र आत्ता जोडू नको, सीव्हीत एका ओळीत लिही, मागितलं तर दे.

ऑगस्टमध्ये पाठवू नको, अर्धा युरोप सुट्टीवर असतो. दोन-तीन आठवडे वाट बघ, मग एकदाच आठवण, तिसऱ्यांदा नाही. आणि पासपोर्ट न् मार्क्स कार्डवरचं नाव आत्ताच जुळवून घे. आपल्या एसएसएलसीच्या म्हणजे दहावीच्या कार्डावर आडनावाऐवजी इनिशियल असतं, माझा त्यात दीड महिना गेला.

हिंडलग्याचा_बाळू

आजीचं 'गुहेची घड्याळं' पण टाक मेलमध्ये, मी प्रोफेसर असतो तर तिथंच फिनिश

शहापूरच्या_मॅडम

नको. ते इंटरव्ह्यूसाठी ठेव.

कणकुंबीकरीण (सात आठवड्यांनी)

आले परत. एका वहीत नावं काढली होती, सुरुवातीला एकवीस झाली, ग्रँट आणि लॅबची पानं बघत-बघत पाच राहिली. दोघं रिटायर व्हायला आले होते, एकानं तर विषयच सोडून पवनचक्क्यांना धडकून मरणाऱ्या वाघळांवर काम सुरू केलंय. (त्याला नाही लिहिलं पण ते वाचत बसले, आपल्याकडं पण पवनचक्क्या आहेत की.) पाचातल्या तिघांना लिहिलं, रोज एक असं नाही, दहा-दहा दिवस लागले एकेकाला.

पहिल्यांचं उत्तर नाही. दुसऱ्या बाईंनी दोन ओळीत लिहिलं की पुढची दोन वर्षं जागा नाही पण अमुक सहकाऱ्याला विचार, मी त्यांना सांगून ठेवते. तिसऱ्यांनी माझ्या पावसाच्या प्रश्नावर उत्तरच दिलं नाही, उलट मलाच चार प्रश्न विचारलेत, गुहेचं तोंड कुठल्या दिशेला, पावसाळ्यात तिथं रस्ता असतो का, रेकॉर्डर ओला न होता कुठं बांधता येईल, आणि वनखात्याशी बोलणारं कोण आहे. पुढच्या गुरुवारी व्हिडिओ कॉल ठेवलाय. गावात रेंज नाही म्हणून खानापुरात मावशीकडे जाऊन बसणार.

दिशेचं मला नक्की सांगता येईना, पप्पांना विचारलं तर ते म्हणाले थांब, तळेवाडीच्या गवळ्याला फोन लावतो.

निपाणीचा_नाना

कॉलला इयरफोन वायरचा घे, आणि मावशीला सांग तेवढा वेळ मिक्सर लावू नको.